दोन करवंट्या मीठ

मामंजी, आज सकाळपासून मला एका जागी बसवत नाही. दोनदा चहा टाकला आणि दोन्ही वेळा तो गार होऊन गेला. मागीलदारी जाते, पुढीलदारी येते, उगाच भांड्यांची जागा बदलते. सुनेनं शेवटी विचारलं, काही दुखतंय का. दुखत काही नाही. झालं एवढंच की नातवानं आज बागेतल्या पंपाला नवीन पेटी बसवली. तो जळलेल्या मोटारींत नवीन तार भरायचं काम करतो, बाजारात त्याचं दुकान आहे. मोठा झालाय, दोन पोरांचा बाप आहे. पेटी उघडून त्यानं मला आतला भाग दाखवला आणि सांगितलं, आजी, आता कुणी लक्ष ठेवायला नको, मोटारीनं जास्त वीज खेचली की ही आपण होऊन बंद पडते. मी म्हटलं, पाणी खारट असलं तर तिला कळतं का. तो हसला. म्हणाला, पाण्याचा नि हिचा काय संबंध. संबंध आहे की नाही ते तुम्हांला माहीत होतं आणि मला माहीत होतं. तुम्ही जाऊन चाळीसच्या वर वर्षं झाली, म्हणजे आता मी एकटीच उरले. म्हणून कागद घेऊन बसले आहे. गिरणीत वरच्या घरातल्या वहिनीचा हात मोडला त्या दिवसाबद्दल मला तुम्हांला सांगायचंय. तो तुमच्यामुळे मोडला असं तुम्ही मरेपर्यंत समजत राहिलात. ते अर्धंच खरं आहे. उरलेलं अर्धं माझ्यापाशी आहे, आणि ते मी कधी बाहेर काढलं नाही.

मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा तुम्ही मुंबईला होतात. वर्षातून एकदा, शिमग्याला यायचात. ट्राम हाकणारे म्हणून आवाठात, सगळ्या वाडीभर, तुमचा मोठा दरारा. सासूबाई गेल्या त्या वर्षी तुम्ही नोकरी सोडून कायमचे परत आलात, आणि तुमचा मुलगा तिकडे कापडाच्या गिरणीत राहिला. घरात तुम्ही आणि मी. दोन माणसं, आणि बोलायचं काय हा दोघांनाही प्रश्न. मी डोक्यावरचा पदर सावरत वाढायची, तुम्ही खाली मान घालून जेवायचात. पण तुमचा डावा हात पाटाच्या कडेवरून आपोआप फिरायचा, जरा पुढे, थांबला, जरा पुढे, थांबला. मला आधी वाटलं वाताचा काही प्रकार असेल. मग एक दिवस मी धीर करून विचारलं, आणि तुम्ही त्या दिवशी पहिल्यांदा माझ्याशी घटकाभर बोललात. ट्रामच्या तोंडाशी एक पितळी हँडल असतं, त्याला खाचा असतात. एका खाचेवरून दुसरीवर जायचं ते दम धरून. पहिल्या खाचेला वीज अडवून अडवून मोटारीला थोडीशी द्यायची, मग जरा जास्त, मग आणखी. घाई केली तर गाडी हिसका देते आणि उभी असलेली माणसं एकमेकांच्या अंगावर पडतात. तीस वर्षांत माझ्या गाडीत म्हातारं माणूस पडलं नाय, असं तुम्ही म्हणालात, आणि आमटी मागितलीत. त्या एका गोष्टीचा तुम्हांला इतका अभिमान होता की मुंबईबद्दल तुम्ही दुसरं फारसं काही सांगितलंच नाहीत.

मग भाट्याच्या खाडीकाठी ती गिरण निघाली. मालकाला कुठूनतरी जुना डायनामो आणि जुनी मोटार मिळाली होती. इंजिन खाली धक्क्यापाशी, कारण तेलाची पिंपं होडीतून तिथे उतरायची. भात सडायचं यंत्र वर जांभ्याच्या चौथऱ्यावर, कारण उधाणाचं पाणी खाली यायचं. मध्ये तारा. सगळं आलं, पण मोटार चालू करायची पेटी काही आली नाही. ती वाटेत फुटली होती. मालकानं तशीच मोटार लावून बघितली तेव्हा तिनं असा झटका दिला की चौथऱ्याचा चिरा हलला. कुणीतरी तुमचं नाव सांगितलं. तुम्ही गेलात, मोटारीभोवती दोन फेऱ्या घातल्यात, आणि म्हणालात, एक लाकडी पीप द्या, दोन लोखंडी पत्रे द्या आणि एक कप्पी. लोकांना वाटलं ट्रामवाल्याचं डोकं फिरलं. पण तुम्ही पिपात पाणी भरलंत, त्यात मीठ कालवलंत, एक पत्रा तळाशी बसवलात आणि दुसरा दोरीनं कप्पीवरून वर टांगलात. वीज एका पत्र्यातून पाण्यात आणि पाण्यातून दुसऱ्या पत्र्यात, अशी मोटारीकडे जायची. पत्रा नुसता टेकला की थोडी वीज जायची, जसजसा बुडेल तशी जास्त. दोरीला तुम्ही सात गाठी मारल्यात. एक गाठ सोडायची, थांबायचं, दुसरी सोडायची. सातव्या गाठीला मोटार पूर्ण वेगात आली की तुम्ही भिंतीवरचा खटका पाडून वीज थेट मोटारीला द्यायचात आणि पिपाला सुट्टी. मीठ किती, तर वीस कळशा पाण्याला नारळाच्या दोन करवंट्या, काठोकाठ. एकीनं मोटार उठत नव्हती आणि तिनांनी उडत होती. श्रावणात, पावसाची झोड चालू असताना, तुम्ही आठ दिवस खपून ते माप बसवलंत.

या कामाला दोन माणसं लागायची. एक दोरीवर आणि एक मोटारीपाशी, तिच्या ठिणग्या बघायला. मालकानं दिलेला गडी आज आला तर उद्या गायब. मी तुमची भाकरी घेऊन यायची तेव्हा एकदा तुम्ही वैतागून दोरी माझ्या हातात दिलीत आणि सांगितलंत, मी म्हणेन तेव्हा सोड. मी सोडली. दुसऱ्या दिवशीही सोडली. मग मालकानं मला कामावर धरलं. आवाठात कुजबूज झाली, की सासरा सुनेला गिरणीत नेतो. तुम्ही ती ऐकून न ऐकल्यासारखी केलीत. घरी चुलीपुढे तुम्ही मला शिकवायचात. पेज उतू जायला आली की तू लाकूड मागे ओढतेस ना, तसंच आहे, फक्त इथे डोळ्यांना काही दिसत नाही, म्हणून मोजायचं. मी विचारलं, मोजू कशानं, श्वासानं का. तुम्ही म्हणालात, "घाबरलं की श्वास पळतो, बाय. आकडे मोज. आकडे पळत नायत." प्रत्येक गाठीला पाच आकडे. चुलीपुढे बसून मी रिकाम्या हातानं दोरी सोडायची आणि तुम्ही ओसरीवरून माझे आकडे ऐकायचात. माझ्या आयुष्यात मला कुणी बसवून काही शिकवलं असेल तर ते तेवढंच. माहेरी हेदवीकडे चौथीपर्यंत गेले, पण तिथे आम्ही पोरी भिंतीकडे बसून ओवाळणीच्या गोष्टी करायचो.

मला ते काम आवडायचं. हे मी कुणाला बोलले नव्हते, आज लिहितेच आहे तर लिहिते. पाचव्या गाठीला चौथरा पायाखाली किंचित थरारायचा आणि वरचा लांब दांडा गुंगुंग करत फिरायला लागायचा, तेव्हा मला वाटायचं की हे सगळं माझ्या मुठीत आहे. आणि ते इतकं हळू सुरू व्हायचं की गिरणीतल्या बायकांना त्याची भीतीच राहिली नव्हती. वरच्या घरातली वहिनी यंत्रात भात ओतायची. ती मोटार सुरू व्हायच्या आधीच सूप घेऊन, दांड्यावरून यंत्र फिरवणाऱ्या पट्ट्याशेजारी उभी राहायची आणि गप्पा मारत ओतायला लागायची. दुसऱ्या कुठल्या गिरणीत असं कुणी केलं नसतं. तुम्ही एकदोनदा तिला मागे हो म्हणालात, तिनं हसून सोडून दिलं, मग तुम्हीही सोडून दिलंत. तुमच्या गाडीत कुणी पडत नाही, हे आता आम्हां सगळ्यांनाच ठाऊक झालं होतं.

आता तुमच्या त्या अर्ध्याबद्दल. भिंतीवर चिनीमातीच्या डबीत शिशाची बारीक तार होती. भलतीच वीज खेचली गेली तर ती आधी वितळते आणि मोटार थांबते, हे तुम्हीच मला दाखवलंत. पण माप बसवण्याच्या त्या आठ दिवसांत तारेचं अख्खं बंडल वितळून संपलं. नवीन बंडल मुंबईहून यायचं, आणि पावसाळ्यात बोट बंद. मालक भात साठलंय म्हणून मागे लागला होता. तुम्ही तांब्याची जाड तार घातलीत आणि म्हणालात, बोट सुरू झाली की बदलू. नारळी पौर्णिमा गेली, बोट सुरू झाली, दिवाळी गेली. गिरण इतकी गुण्यागोविंदानं चालली होती की त्या डबीकडे कुणी वळून बघितलं नाही. तुम्हीही नाही. ही तुमची चूक, मोठी चूक, मी ती लहान करून सांगणार नाही. पण एकट्या तारेनं काही झालं नसतं.

कार्तिकात पीप पहिल्यांदा रिकामं केलं. पत्र्यांवर गंज चढला होता, तो घासला. गिरणीच्या विहिरीतून मी वीस कळशा आणल्या, दोन करवंट्या मीठ घातलं, ढवळलं, आणि सवयीनं बोट बुडवून जिभेला लावलं. मला वाटलं जरा कमीच आहे. चिमूटभर घ्यावं म्हणून मी मूठ भरली आणि टाकली. मूठच म्हणायला हवी, चिमूट नव्हती. तुम्ही दारातून बघितलंत. तुम्ही रागावता हे मला माहीत होतं, पण असे रागावता हे माहीत नव्हतं. सगळ्या बायका ओळीनं बसल्या होत्या, होडीवरचे चार गडी भात उतरवत होते, मालक होता. तुम्ही म्हणालात, "पिपाला जीभ नाय, गो. हे कालवण नव्हे. माप म्हणजे माप, आणि तुझी जीभ घरी ठेवून येत जा." कुणीतरी फिस्सकन हसलं. मग तुम्ही अख्खं पीप ओतून टाकायला लावलंत आणि मी पुन्हा वीस कळशा आणल्या. सगळ्यांच्या देखत, एकटीनं, कुणाला मदत करू दिली नाहीत. तुमचं बरोबर होतं. एक दिवस जिभेवर विसंबलं की दुसऱ्या दिवशी डोळ्यांवर, तिसऱ्या दिवशी अंदाजावर, हे आज मला समजतं, माझा नातू त्याच्या माणसांना हेच सांगतो. पण तेव्हा माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. घरी आल्यावर तुम्ही काही झालंच नाही असे जेवलात. मी महिनाभर तुमच्याशी कामापुरतं बोलले, आणि ते तुमच्या लक्षातही आलं नाही. हे जास्त लागलं.

इथवर लिहून उठले होते. बागेत जाऊन आले. पेटी भिंतीवर आहे, पंप चालू आहे, तिला माझी गरज नाही. पुन्हा बसते.

तुम्हांला एक गोष्ट ठाऊक नव्हती, आणि ती ठाऊक नसणं यात तुमचा दोष नाही. तीस वर्षं तुम्ही नळाचं पाणी प्यायलात. नळाचं पाणी श्रावणात आणि चैत्रात एकच. शिवाय आमच्याकडे पाणी भरतात बायका, विहिरीचं तोंड पुरुषांनी बघायचं ते आंघोळीपुरतं. खाडीकाठच्या विहिरी पावसात गोड असतात. शिमगा झाला की तळाला जातात, खाडी आतून झिरपते आणि पाणी मचूळ होऊ लागतं. चैत्राच्या मध्याला तर पेज रांधताना मीठ जवळजवळ लागतच नाही. हे आम्हांला कुणी शिकवत नाही. हात आपोआप आखडतो. गिरणीची विहीर तर खाडीला अगदी लागून होती, पाडव्यापासून आम्ही बायका प्यायचं पाणी वरच्या विहिरीवरून नेत होतो. तुम्हीही तेच पाणी पीत होतात, मीच तुम्हांला तांब्या भरून द्यायची. हे पाणी कुठलं असं तुम्ही कधी विचारलं नाहीत.

चैत्र आहे. पीप दुसऱ्यांदा रिकामं केलंय. एवढे दिवस नुसती भर घालत होतो, कार्तिकानंतर आज पहिल्यांदा सगळं पाणी नवीन भरायचं. मी कळशी भरून वर ओढते आणि वासावरूनच मला कळतं. तरी मी ओंजळीत घेऊन चाखते, बघायला कुणी नाही. खारट. दोन करवंट्या मिठाचं काम विहिरीनं आधीच करून ठेवलंय. मी वीस कळशा नेते. पिपापाशी मिठाची पिशवी आहे, तीत करवंटी. मी करवंटी हातात घेते आणि थांबते. तुम्ही मोटारीपाशी उकिडवे बसून, ठिणग्या पडतात त्या कोळशाच्या कांड्या पुसताय. तुमची पाठ माझ्याकडे आहे, सदरा घामानं चिकटलाय. मी एकदा हाक मारली असती तर तुम्ही वळला असतात. मी पहिली करवंटी घालते, काठोकाठ. दुसरी घालते, काठोकाठ. ढवळते.

तुम्ही न वळता विचारता, "माप घातलंस?"

"घातलं," मी म्हणते.

खालून इंजिनाचा आवाज स्थिर होतो. वहिनी नेहमीसारखी सूप घेऊन उभी आहे, लेकीच्या बारशाचं काही सांगतेय. मी पहिली गाठ सोडते. एक म्हणायच्या आत पिपात फसफसलं आणि मोटार उठली नाही, उडाली. खाली इंजिन कण्हलं. वरचा दांडा गरकन फिरला, पट्ट्याचा सांधा फाटला आणि सुटलेलं टोक चाबकासारखं आलं. तांब्याची तार जशीच्या तशी होती, ती कशाला वितळते. तुम्ही धावत जाऊन हातानं विजेचा मुख्य खटका ओढलात. गिरण थांबली तेव्हा वहिनी खाली बसली होती आणि आपल्या उजव्या मनगटाकडे दुसऱ्या कुणाचं असावं तसं बघत होती. भात सगळीकडे सांडलं होतं. मी दोरी सोडली नव्हती. ती माझ्या मुठीतून दुसऱ्या बायकांनी सोडवली.

मालक आला. त्यानं मला विचारायला तोंड उघडलं, तेवढ्यात तुम्ही भिंतीवरची डबी उघडून ती जाड तार त्याच्यापुढे धरलीत. म्हणालात, "ही मी घातलेली. माझ्या तारेनं झालं. सुनेला काय विचारू नका, ती मापात होती." मी तोंडात मूग धरून उभी राहिले. पाण्याचा विचार तुमच्या मनाला शिवलासुद्धा नाही, कारण माप मी घातलं होतं आणि मी घातलं म्हणून सांगितलं होतं. मुंबईहून माणूस बोलवायचं ठरलं, काय झालं ते बघायला. मी दुसऱ्या दिवशी पहाटे, गिरणीत कुणी यायच्या आत जाऊन पीप आडवं केलं. पाणी चौथऱ्यावरून वाहत खाडीत गेलं. घरी येऊन भाकऱ्या थापल्या. आठवड्यानं तो माणूस आला, त्यानं कोरडं पीप बघितलं, तार बघितली, आणि तुमचंच म्हणणं लिहून नेलं. मग खरीखुरी पेटी आली, तिच्याबरोबर ती चालवणारा एक जणही आला. तुम्ही आपण होऊन काम सोडलंत. मी गेले नाही आणि मला कुणी बोलावलंही नाही.

वहिनीचा हात एका हाडं बसवणाऱ्यानं बसवला, तो वाकडाच बसला. बोटं चालायची, पण मनगटात जोर येईना. भाकरी ती डाव्या हातानं थापायला शिकली. विहिरीवरचा दोर मात्र तिला ओढता येईना. घरचा पुरुष मुंबईला, मुलगी पाळण्यात. आणि मग एका सकाळी तुम्ही खांद्यावर दोर टाकून, दोन कळशा घेऊन वरच्या विहिरीवर गेलात. सगळ्या बायका बाजूला झाल्या. पुरुषमाणूस, आणि तेही ट्रामवाले, दुसऱ्याच्या घरचं पाणी भरतायत. पहिले काही दिवस पोरं मागे लागायची, बायका पदराआड हसायच्या. तुम्ही रोज सहा कळशा नेऊन तिच्या पडवीत ठेवायचात. पावसात, थंडीत, अंगात कसर असताना. मी म्हटलं, मामंजी, मी भरते. तुम्ही म्हणालात, तुझा काय संबंध. मी दाराशी उभी राहून तुम्हांला चढ चढताना बघायची. कळशी डुचमळू नये म्हणून तुम्ही पाऊल थांबून थांबून टाकायचात, आणि ओठ हलायचे. तुम्ही मोजत होतात. रोज सकाळी मला वाटायचं आज सांगते. रोज सकाळी मी चुलीकडे वळायची. चार वर्षं, मामंजी. चार वर्षांत किती सकाळी झाल्या ते मोजायला मला तुमच्यासारखं जमत नाही.

जेवताना तुमचा डावा हात पाटाच्या कडेवर फिरायचा थांबला होता, हे माझ्या लक्षात यायला वर्ष गेलं. नंतर नंतर तुम्ही इंजिनाच्या आवाजानंसुद्धा अस्वस्थ व्हायचात. बंदरावर बोटीचा भोंगा झाला की ओसरीवरून उठून आत यायचात. कुणी ट्रामच्या गोष्टी विचारल्या की म्हणायचात, तो दुसरा माणूस होता. हे मी केलं. वहिनीचा हात तुमच्या तारेनं मोडला असेल, माझ्या मिठानं मोडला असेल, दोघांनी मिळून मोडला असेल. पण तुमचा हात मी एकटीनं मोडला.

आणि मीठ मी चुकून घातलं, असंही नाही. एवढी वर्षं मी स्वतःला सांगत आले की तुम्ही माप म्हणजे माप म्हणाला होतात, मी हुकूम पाळला. खोटं आहे ते. मला कळलं होतं की मोटार आज जोरात उठणार. मला ते हवं होतं. तिनं एक हिसका द्यावा, चौथरा हलावा, मालकानं बघावं, आणि तुम्ही चकित होऊन माझ्याकडे वळून विचारावं की काय गो, काय झालं असेल. आणि मी सगळ्यांच्या देखत सांगावं की पाणी मचूळ आहे, मला जिभेवर कळलं होतं. एवढंच हवं होतं मला. पट्टा फाटेल हे माझ्या डोक्यात आलं नाही. वहिनी तिथे उभी असते हे मला माहीत होतं, रोज बघत होते, तरी आलं नाही.

तुम्ही आजारी पडलात तेव्हा तुमचा मुलगा मुंबईहून येऊन पोचायला तीन दिवस लागले. त्या तीन दिवसांत घरात मी होते. शेवटच्या दुपारी तुम्ही शुद्धीवर होतात, मी चमच्यानं पेज भरवत होते. आज सांगू का, आज सांगू का, असं माझं चाललं होतं. मी तोंड उघडलं आणि तुम्ही आधी बोललात. "तू मनाला लावून घेऊ नकोस, बाय. तुझं काय चुकलं नाय. कार्तिकात मी तुला चार माणसांत बोललो, ते मला आजवर डाचतंय. माझ्या हाताखाली इतके जण शिकले, पण तुझ्याएवढा खरा हात कुणाचा नव्हता." म्हणजे तुमच्या लक्षात होतं. सगळं लक्षात होतं.

तुम्ही गेल्यावर वहिनीचं पाणी मी भरलं, तिची मुलगी हाताशी येईपर्यंत. आवाठात माझं नाव झालं, सासऱ्याचं व्रत सुनेनं चालवलं म्हणून. वहिनीला तरी सांगावं असं दहा वेळा मनात आलं, आणि प्रत्येक वेळी ती माझ्यासाठी काहीतरी झाकून ठेवलेलं पुढे करायची. आता तीही नाही. तुमच्या ट्रामासुद्धा बंद झाल्या, तुम्हांला कुणी कळवलं नसेल. हे कागद मी नातवाला दाखवणार नाही. तो मला समजून घेईल, आणि तेच मला नको आहे.

राहिलं ते एवढंच. त्या दुपारी तुम्ही मला खरा हात म्हणालात तेव्हा मी तुमच्या पायांवर डोकं ठेवून रडायला हवं होतं. रडले मी, पण ते उशिरा, तुम्ही डोळे मिटल्यावर. आधी मी पदर नीट केला, उरलेली पेज तुम्हांला भरवली, आणि मनातल्या मनात तुमचं ते वाक्य दोनदा म्हणून बघितलं. मला फार बरं वाटलं होतं, मामंजी.